जुने सैनिकी टोप: संग्रह आणि पारख यांविषयी खानदेशातील संग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

तापीचे खोरे ही उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्या फौजांची जुनी वाट आहे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला तो याच वाटेवर, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभी केली ती धरणगावात. त्यामुळे आपल्या भागात जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, भंगाराच्या दुकानांत आणि क्वचित एखाद्या देवघराच्या कोनाड्यातही सैनिकी टोप सापडतात, आणि तो कसला आहे, किती जुना आहे, त्याची स्थिती चांगली म्हणावी की वाईट, असे प्रश्न जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून वारंवार येतात. त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

खानदेशात कोणत्या प्रकारचे टोप हाती लागण्याची शक्यता असते?

ढोबळमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार तलवारी-भाल्यांच्या काळातील देशी पोलादी टोपाचा: घुमटाकार वाटी, पुढे वरखाली सरकणारी नाकपट्टी, तुरा खोवण्यासाठी दोन नळ्या, माथ्यावर टोकदार शिखर आणि मानेवर उतरणारी कड्यांची जाळी. याला फारसीवरून कुलाह-खूद म्हणतात. दुसरा प्रकार इंग्रजी अमदानीतील सोला किंवा बुचाच्या टोपाचा, आणि तिसरा विसाव्या शतकातील दोन महायुद्धांच्या पोलादी टोपांचा. यांपैकी पहिला अतिशय दुर्मीळ आहे, कारण आपल्याकडे लोखंड कधी वाया जात नसे. मोडका टोप लोहाराकडे जाई आणि त्याचा विळा किंवा फाळ होई. दुसरा प्रकार वाळवीने आणि कसरीने संपवला. तिसराच काय तो बऱ्यापैकी उरला आहे, आणि त्याचेही कारण असे की जनावरांना पेंड घालायला, वाळू उपसायला किंवा कोंबड्यांना पाणी ठेवायला तो सोयीचा होता.

टोप गंजलेला आणि काळवंडलेला आहे. प्रथम तो घासून स्वच्छ करावा का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा टोप घासून झाल्यावर विचारला जातो. चिंच, राख आणि विटेची पूड लावून भांडी लखलखीत ठेवण्याची आपल्या घरांतील सवय भांड्यांसाठी उत्तम आहे. परंतु टोपाच्या बाबतीत त्याच सवयीने त्याचे वय सांगणारा सगळा पुरावा एका दुपारी पुसला जातो. जुन्या रंगाचे थर, त्यांवरील पलटणीची खूण, कारखान्याचा छाप आणि अनेक दशकांत बसलेला घट्ट, काळपट-तपकिरी थर हे सर्व मिळून टोपाचा इतिहास असतो. तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने एकदा तो काढला की खाली उरते ते केवळ पोलाद, आणि त्यावर नवा रंग कितीही सुबक दिला तरी जाणता संग्राहक त्याला रंगवलेलाच टोप म्हणतो.

गंजाचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. बोट फिरवल्यावर नारिंगी पूड लागत असेल आणि पापुद्रे सुटत असतील तर तो जिवंत गंज आहे आणि त्याला थांबवणे आवश्यक आहे. बोटाला काही लागत नसेल, थर गडद आणि एकजीव असेल, तर तो शांत झालेला थर आहे व त्याला हात लावू नये. जिवंत गंजावर अगदी थोडे पातळ यंत्रतेल कापसाच्या बोळ्याने लावून, दोन-तीन दिवस मुरू देऊन, सुटलेली पूड मऊ सुती कापडाने टिपून घ्यावी. रंग शाबूत असलेल्या जागी आणि अस्तराच्या आसपास तेल जाऊ देऊ नये, कारण चामडे आणि कापड तेल शोषून घेतात व ते पुन्हा काढता येत नाही. गंज उतरवण्याची आम्लयुक्त द्रावणे तर घरात आणूच नयेत.

मी स्वतः वीस-बावीस वर्षांपूर्वी हाच गुन्हा केला आहे. भंगारातून मिळालेल्या टोपाच्या आत कोणाचे तरी नाव पांढऱ्या रंगात लिहिलेले होते. उत्साहाच्या भरात मी रॉकेल घेऊन बसलो आणि शेवटची दोन अक्षरे तेवढी वाचली. टोप अजून माझ्याकडे आहे, नाव मात्र नाही.

स्थिती पारखताना कोणत्या क्रमाने पाहावे?

बाहेरून आत. प्रथम मूळ वाटी पाहावी: पोचा पडला आहे का, तडा गेला आहे का, कोठे डाग देऊन भोक बुजवले आहे का. पोचा हा दोष असला तरी तो प्रामाणिक दोष आहे. ठोकून सरळ केलेला पोचा मात्र आतल्या बाजूने हातोड्याच्या बारीक खुणा दाखवतो आणि वाटीची जाडी तेथे बदललेली लागते. कडेला गेलेला तडा सर्वांत गंभीर, कारण तो कालांतराने वाढतो. त्यानंतर गंजाचे खड्डे किती खोल आहेत ते तिरप्या उजेडात पाहावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात, ओट्यावर बसून, टोप हळूहळू फिरवत पाहिल्यास ट्यूबलाइटखाली न दिसणारे पुष्कळ काही दिसते.

मग रंग. रिव्हेटच्या खाचेत, पट्ट्याच्या कडीखाली आणि कडेच्या दुमडीत कोणता रंग आहे आणि बाहेर कोणता आहे, याची तुलना करावी. बाहेरचा थर रिव्हेटवरून आणि पट्ट्यावरूनही सलग गेलेला असेल तर टोप न खोलता वरून रंगवला आहे हे उघड होते. मात्र वरून दिलेला प्रत्येक रंग बनावट नसतो. सैन्यातही टोप पुन्हापुन्हा रंगवले जात, चमक मारू नये म्हणून रंगात वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळला जाई, आणि असा जुना दुसरा थर हा टोपाच्या सेवेचाच भाग असतो.

शेवटी आतील अस्तर, हनुवटीचा पट्टा आणि छाप. वाटी, अस्तर आणि पट्टा एकाच काळाचे आणि एकमेकांसोबत झिजलेले असले पाहिजेत. वाटीवर खोल गंज आणि अस्तर मात्र कोरे करकरीत, किंवा अस्तरावर घामाचे डाग आणि पट्ट्याला दुमड नाही, अशी विसंगती दिसली तर टोप जुळवलेला आहे असे समजावे. जुळवलेला टोप घेऊ नये असे नाही. तो जुळवलेला म्हणून घ्यावा आणि किंमतही तशीच द्यावी.

लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे टोप खोटा आहे का?

उलट असण्याची शक्यता अधिक आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश टोप १९१५ मध्ये जॉन ब्रोडी याने पेटंट घेतलेल्या नमुन्याचा, आणि त्याचे पोलाद लवकरच रॉबर्ट हॅडफिल्ड याने शोधलेले मँगनीजचे पोलाद झाले. यात सुमारे १२ टक्के मँगनीज असते, आणि ते जवळजवळ अचुंबकीय असते. म्हणून अशा टोपाच्या वाटीला चुंबक मुळीच चिकटत नाही किंवा अगदी नाममात्र ओढ जाणवते. अमेरिकी एम-१ टोपाची वाटीही याच जातीच्या पोलादाची आहे. ‘चुंबक धरत नाही, म्हणजे हे लोखंडच नव्हे’ असे सांगून भंगारवाल्यांनी असे टोप हलक्या धातूच्या भावात दिल्याचे मी पाहिले आहे. याच नमुन्याच्या टोपाला चुंबक घट्ट चिकटला, तर तो साध्या पोलादाचा असून नंतरच्या काळातील नक्कल किंवा नागरी उपयोगाचा असण्याचा विचार करावा. जर्मन टोपाला आणि देशी टोपाला मात्र चुंबक लागलाच पाहिजे. तेथे तो न लागल्यास पितळ किंवा तत्सम धातूवर मुलामा दिलेला आहे.

बशीसारखा पसरट टोप पहिल्या महायुद्धातील की दुसऱ्या, हे कसे ओळखावे?

वाटीवरून फसगत होते, कारण आकार जवळपास तोच राहिला. अगदी सुरुवातीच्या टोपांची कड उघडी होती. १९१६ पासून तिच्यावर पातळ पट्टी बसवली गेली. पहिल्या महायुद्धातील टोपाचा हनुवटीचा पट्टा चामड्याचा असे. १९३८ मध्ये दुसरा नमुना, म्हणजे मार्क-२, आला. त्याचे अस्तर वेगळे असून माथ्याला आधार देणारी गादी त्यात असते, आणि पट्टा ताणला जाणारा, कापडी असतो. मधल्या काळात जुन्याच वाट्यांना नवे अस्तर आणि नवा पट्टा लावून त्या पुन्हा वापरात आणल्या गेल्या. त्यामुळे १९१७ ची वाटी आणि १९३९ चे अस्तर ही जोडी बनावटच असते असे नाही. १९४४ मध्ये आलेला मार्क-३ मात्र पाहताक्षणी वेगळा ओळखू येतो, कारण तो खोलगट, कासवाच्या पाठीसारखा आहे.

छाप कडेच्या खालच्या बाजूस, पट्ट्याच्या कडीजवळ शोधावा. बी एम बी, जे एस एस, आर ओ अशी अक्षरे अनुक्रमे ब्रिग्ज मोटर बॉडीज, जोसेफ सँकी आणि रुबेरी ओवेन या ब्रिटिश कारखान्यांची आहेत, तर सी एल सी ही कॅनडातील खूण आहे. छाप दिसत नसेल तर घासू नये; टोप उलटा धरून बॅटरीचा उजेड आडवा टाकावा आणि मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून पाहावा.

काठाला दोन-तीन भोके आहेत. कोणी नंतर पाडली असावीत का?

विळ्याकोयत्यासोबत भिंतीवर टांगण्यासाठी पाडलेली भोके आपल्याकडे सर्रास आढळतात, आणि ती बहुधा एकच, वेडीवाकडी आणि रंग तुटलेली असतात. परंतु दुसऱ्या महायुद्धात जे टोप लढाईसाठी आवश्यक असलेल्या कसाला उतरले नाहीत, त्यांच्या काठाला कारखान्यातच भोके पाडून ते हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या नागरी कामासाठी दिले गेले. अशी भोके सुबक, गोल आणि एका ओळीत असतात व मूळ रंग त्यांच्या कडांवरही उतरलेला असतो. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या टोपांनाही मागच्या काठावर तीन भोके असत, पण त्यांचा कसाशी संबंध नव्हता. तेथील टोप ओळखण्याची ती एक सोपी खूण आहे.

जाळीचा देशी टोप दोनशे वर्षांचा आहे असे विकणारा सांगतो. विश्वास कशावर ठेवावा?

त्याच्या शब्दावर नाही, जाळीच्या कड्यांवर. मुरादाबाद, रुडकी आणि देहरादून येथे शोभेसाठी जुन्या धर्तीचे टोप फार मोठ्या प्रमाणावर बनतात. बनवणारे ते नवे म्हणूनच विकतात. लबाडी पुढच्या हातात होते, जेथे मिठाच्या पाण्याने गंज चढवून आणि शेणखताच्या उकिरड्यात पुरून त्याला वय आणले जाते. असा गंज सर्वत्र सारखा, कोरडा आणि नारिंगी असतो. खऱ्या जुन्या टोपावर हात लागणाऱ्या जागा गुळगुळीत आणि सांदीच्या जागा गडद असतात.

भिंगाखाली कडी पाहावी. जुन्या लढाऊ जाळीत कड्यांची टोके एकमेकांवर आणून बारीक रिव्हेटने जोडलेली असतात. काही जाळ्यांत कड्यांच्या मधोमध आडवी दांडीही असते. टोके नुसती समोरासमोर टेकवलेली जाळीही जुनी असू शकते, विशेषतः एकोणिसाव्या शतकातील मिरवण्याच्या टोपांची. पण कड्यांची तार जर एकसारख्या जाडीची, यंत्रातून काढलेली आणि टोकांना पक्कडीने कापल्याची चोच दाखवणारी असेल, तर निर्णय सोपा होतो. नाकपट्टी स्क्रूवर सरकते का, हेही पाहावे. शोभेच्या टोपात ती बहुधा पक्की ठोकलेली असते. राक्षसाचा चेहरा आणि शिंगे असलेले कोरीव टोप दिसले तर ते एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये काजार राजवटीत शोभेसाठी बनलेल्या धर्तीचे, अथवा त्यांचीही आजची नक्कल, असे समजावे. खानदेशातल्या कोणत्याही लढाईशी त्यांचा संबंध जोडू नये.

एक खूण मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. १६८९ मध्ये अदोनी किल्ल्याच्या पाडावानंतर बिकानेरचा राजा अनुपसिंह याने दख्खनी शस्त्रे आणि चिलखते आपल्या शस्त्रागारात नेली आणि त्यांवर ठिपक्यांनी देवनागरी नोंदी ठोकल्या गेल्या. असा मजकूर दिसल्यास ठिपक्यांच्या खोबणीतील थर आजूबाजूइतकाच गडद आहे का, ते पाहावे.

देशी टोपावरील सोन्याचे काम जळगावच्या सराफाकडून तपासून घ्यावे का?

जळगावच्या सराफाची नजर आणि भिंग दोन्ही वापरावीत, कसोटीचा दगड मात्र वापरू देऊ नये. घासलेली एक रेघ दागिन्यात खपते, टोपात नाही. शिवाय सोने किती कसाचे आहे हा येथील प्रश्नच नव्हे. ते कसे बसवले आहे, हा आहे. कोफ्तगिरीत पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघांची जाळी पाडून तिच्यात सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, म्हणून जेथे सोने झिजले आहे तेथे भिंगाखाली त्या रेघा दिसतात. विजेच्या मुलाम्यात सोन्याखाली गुळगुळीत धातू असतो.

जिरेटोप आणि असे टोप यांचा काही संबंध आहे का?

शब्दाचा आहे. फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांचे चिलखत, आणि जिरेटोप या शब्दात तेच पद आहे. आज चित्रांत आणि पुतळ्यांत आपण जो कापडी घडणीचा टोप पाहतो, त्याला जिरेटोप म्हणण्याची सवय नंतर रुळली. म्हणून एखाद्या जुन्या यादीत ‘जिरेटोप’ असे लिहिलेले आढळल्यास ते कापडाचे की पोलादाचे, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. धुळ्याच्या इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत जुने कागद पाहणाऱ्यांना हा मुद्दा उपयोगी पडेल.

जर्मन टोपांविषयी काय सांगाल?

आपल्याकडे ते अस्सल स्वरूपात क्वचितच येतात, तेव्हा सावधगिरी दुप्पट ठेवावी. १९३५ च्या नमुन्यात हवेच्या छिद्राला वेगळी नळी बसवलेली असते, १९४० मध्ये ती वाटीतूनच ठोकून काढली गेली, आणि १९४२ च्या नमुन्यात कड आत दुमडणे बंद झाले. बाजूला चिकटवलेली चिन्हे हा सर्वाधिक बनावट होणारा भाग आहे. चिन्ह फार स्वच्छ आणि भोवतीचा रंग फार झिजलेला असेल, तर टोप खाली ठेवावा.

सोला हॅट धुता येते का?

पाण्याचा थेंबही लावू नये. सोला ही पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाच्या गाभ्याची अतिशय हलकी वस्तू आहे. भिजली की फुगते आणि वाळली की आकार सोडते. मऊ कुंचल्याने धूळ झाडणे एवढीच स्वच्छता. काठ दाबून पाहू नये. हलक्या हाताने उचलून आतून भुसा गळतो का ते पाहावे; गळत असेल तर कसर आत आहे.

आपल्याकडील हवेत टोप कोठे आणि कसे ठेवावेत?

खानदेशची हवा टोपांना दोन्ही बाजूंनी छळते. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा अस्तराचे चामडे कोरडे पडून तडकते, आणि मृगाच्या पावसानंतर तेच घर दमट होऊन पोलाद गंजू लागते. पत्र्याच्या खोलीचा माळा ही सर्वांत वाईट जागा होय. जुन्या धाब्याच्या घरातील आतली खोली, जेथे उन्हाळ्यात गारवा टिकतो, ती चांगली. फक्त टोप मातीच्या भिंतीला टेकलेला नसावा आणि गळती कोठे होते ते आधी पाहून घ्यावे.

प्लास्टिकच्या पिशवीत टोप कधीही बांधून ठेवू नये, कारण आतली ओल आतच राहते. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो. त्याऐवजी धुतलेले पांढरे सुती कापड वापरावे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला वाळवाव्यात आणि शक्य असल्यास छोटा आर्द्रतामापक ठेवावा. आकडा ५० टक्क्यांच्या खाली राहिला तर पोलाद सुखरूप असते. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची प्रथा चांगली आहे, पण ओला पाला टोपात टाकू नये. टोप पट्ट्याने खिळ्याला टांगण्याऐवजी कापडाच्या चुंबळीवर ठेवावा. चुंबळ ही या कामासाठी काचेच्या कपाटातील महागड्या स्टँडइतकीच चांगली आहे.

तडकलेल्या चामड्याला खोबरेल तेल लावू का?

लावू नये. चामडे त्या दिवशी मऊ वाटते, पण पुढे काळे पडते, खवट वास धरते आणि शिवण कुजते. लाल पूड सुटणारे चामडे परत जिवंत होत नाही. त्याला हात न लावता, आतून मऊ कापडाचा आधार देऊन ठेवावे. धाग्यांची शंका असल्यास अंधारात अतिनील दिवा धरावा. आधुनिक धागे व कापडे त्यातील रसायनामुळे निळसर चमकतात, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे सुती धागे सहसा चमकत नाहीत. मात्र जुने कापड अलीकडे साबणपूड लावून धुतलेले असेल तर तेही चमकते.

शेत नांगरताना किंवा किल्ल्यावर टोप सापडला तर तो ठेवता येतो का?

जमिनीत दडलेल्या आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे. तेव्हा प्रथम तहसील कार्यालयात लेखी कळवावे. संरक्षित किल्ल्यावर खणणे हा तर गुन्हाच आहे. लळिंग, थाळनेर किंवा पारोळ्याला धातुशोधक यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९१७ चा टोप आता या मर्यादेत आला आहे, हे परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून पाठवू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

नजर तयार करण्यासाठी अस्सल वस्तू कोठे पाहाव्यात?

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे निदान एकेक पूर्ण दिवस द्यावा. मुंबईत अकबराचे म्हणून ओळखले जाणारे, १५८१ साल असलेले चिलखतही आहे. काचेपलीकडून का होईना, जुन्या पोलादाचा रंग डोळ्यांत भरून घेतल्यावर बाजारातील बराचसा माल आपोआप वेगळा दिसू लागतो.

टोप डोक्यावर घालून पाहण्यास हरकत आहे का?

आहे. पहिल्या महायुद्धातील काही ब्रिटिश टोपांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस आढळले आहे, आणि त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होतात. अशा टोपाचे अस्तर कुरतडू नये, झटकू नये, त्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. शिवाय शंभर वर्षांचा पट्टा हनुवटीखाली ताणला की तुटतोच, आणि तो तुटल्यावर मग स्थितीविषयीचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो. लहान मुलांना फोटो काढायचाच असेल तर टोप टेबलावर ठेवून त्यांना शेजारी उभे करावे.